तळटाकीतला दिवा किती तास?

प्रश्न : हॉलमध्ये चार फुटी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खालच्या संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या तळटाकीत) रिफ्यूजियम, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या शेवाळाचा कप्पा केला आहे. त्यात किटो शेवाळ आणि वर ३० वॉटचा एलईडी. मुख्य दिवे दुपारी १ ते रात्री ९. दुकानदाराच्या सांगण्यावरून रिफ्यूजियमचा दिवा चोवीस तास सुरू ठेवतो, तरी सकाळी पीएच ७.७ च्या वर नसतो. शेवाळ आधी भराभर वाढलं, आता पांढुरकं पडून तुटतं आहे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरण्याची पाण्याची ताकद) ८ डीकेएच. उन्हाळ्यात एसीमुळे आम्ही चौघेही हॉलमध्येच झोपतो. वरून विजेच्या बिलाची कटकट. दिवा किती तास आणि कोणत्या वेळी लावू?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : चौघे हॉलमध्ये झोपतो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात साधारण ४२० भाग असतो; खिडक्या लावून चार माणसं झोपली की पहाटेपर्यंत तो हजाराच्या बराच वर जातो. तो पाण्यात विरघळतो आणि पीएच खाली येतो. तुमची अल्कलिनिटी ठीक आहे, त्यामुळे बफरची पावडर ओतत बसू नका. पटत नसेल तर एक प्रयोग करा. सकाळी उठल्या उठल्या टाकीतलं ग्लासभर पाणी घ्या, पीएच मोजा, मग ग्लास गॅलरीत सावलीत ठेवून त्यात एअर स्टोन तासभर चालवा आणि पुन्हा मोजा. आकडा ८.१ च्या आसपास चढला, तर दोष खोलीतल्या हवेचा. मला वाटतं, चढेलच.

तसं झालं तर प्रोटीन स्किमरची (हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढा. यापेक्षा स्वस्त उपाय या छंदात दुसरा नाही. फक्त पावसाळ्यात डासांसाठी फॉगिंगची गाडी गल्लीत शिरली की स्किमर बंद करून नळी आत ओढायची. ते औषध कोळंबीला आणि रिफ्यूजियममधल्या कोपेपॉड या बारीक जीवांना मारक असतं. कूलरवाल्या घरांत कमी पीएचची तक्रार मी फारशी ऐकत नाही, कारण कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. पण तिथे खोली दमट होते, बाष्पीभवन मंदावतं आणि टाकीवरच्या पंख्यांनी पाणी पुरेसं गार होत नाही. नवतपात (भर उन्हाळ्यातल्या कडक नऊ दिवसांत) कुठल्याच घरात फुकटात काही मिळत नाही.

आता दिवा. चोवीस तासांचा सल्ला बहुधा कॉलर्पा या दुसऱ्या शेवाळाच्या दिवसांतला आहे. त्या शेवाळाने एकदम बीजपेशी सोडून मरून जाऊ नये म्हणून लोक दिवा कधीच विझवत नसत. किटोला ती खोड नाही. तिला थोडा अंधार मिळाला तर चांगलंच. तुमची किटो पांढरी पडते आहे ती उजेड कमी पडून नव्हे, उपाशी राहून. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही संपवून झाल्यावर वरून चोवीस तास प्रकाश म्हणजे रिकाम्या ताटावर बसवून ‘जेव, जेव’ म्हणणं. शिवाय दोन्ही शून्यावर टेकले की प्रवाळांचे रंग फिके होतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांच्या तपकिरी चिकट थराला मोकळं रान मिळतं. त्याची मला किटोपेक्षा जास्त धास्ती वाटते.

म्हणून तास आठवर आणा आणि माशांचं खाणं थोडं वाढवा. पांढरे झालेले झुपके काढून टाका, हिरवे ठेवा. नायट्रेट ५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास राहू लागलं की तास जमले समजा. त्यावर चढू लागलं तर आठवड्याला एकेक तास वाढवा. तक्ते पाहून तास ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. टेस्ट किट घरात असताना तक्ता कशाला?

वेळ रात्रीचीच, पण ९ वाजता मुख्य दिवे विझले की लगेच नको. पीएच एकदम कोसळत नाही. प्रवाळ, मासे, जिवाणू रात्रभर श्वास घेतात, तुमचे चौघांचे श्वास त्यात मिळतात, आणि तळ पहाटेच्या सुमाराला येतो. आठच तास हाताशी असतील तर ते रात्री १२ ते सकाळी ८ ठेवा, म्हणजे किटो ऐन गरजेच्या वेळी कार्बन डायऑक्साइड ओढेल. तिने फरक पडेल, पण थोडाच. मोठं काम नळीच करेल. कॅबिनेटचं दार लावून घ्या, नाहीतर गुलाबी उजेडात कुणाला झोप लागायची नाही.

टायमर बॅटरी बॅकअपचा घ्या. चाकीवाला टायमर वीज गेली की थांबतो, आणि वादळी पावसाच्या चार संध्याकाळी झाल्या की तुमची रात्र भर दुपारी उगवते.

बिलाचं म्हणाल तर ३० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला साडेएकवीस युनिट, आठ तासांत सात. चौदा युनिट वाचतील. घरात तेवढंच सांगा. एसीचा विषय त्यांनी काढला तर मी जबाबदार नाही.

प्रश्न : रिफ्यूजियममधलं द्राक्षांच्या घडासारखं शेवाळ एका रात्रीत काचेसारखं पारदर्शक झालं आणि टाकीचं पाणी दुधाळ हिरवट झालं. मासे वर येऊन तोंड हलवत आहेत. काय करू?
— एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : हे आत्ताच करा, बाकीचं नंतर वाचा : स्किमर पूर्ण जोरात, एअर स्टोन टाकीत, फिल्टरमध्ये नवीन अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, आणि मिसळून तयार असलेलं समुद्री मिठाचं पाणी असेल तर एक चतुर्थांश बदल. माशांना प्राणवायू कमी पडतो आहे. वर लिहिलेली कॉलर्पाची खोड ती हीच. पारदर्शक झालेलं शेवाळ मेलेलंच आहे, ते सगळं उपसून काढा; राहिलं तर शोषलेलं नायट्रेट-फॉस्फेट पाण्यात परत सोडेल. उरलेल्या हिरव्या तुकड्यांवर जीव अडकला असेल तर दिवा चोवीस तास ठेवा आणि नियमित छाटणी करा. मी असते तर तेही काढून किटो आणली असती.