मयताच्या कामात पोराचं करिअर होईल का?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका आईचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात. थोडं कापून देतो.

"सर, मुलगा २१ वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. लहानपणापासून तालमीत. गेल्या दिवाळीच्या सुमारास मागच्या गल्लीतले मास्तर वारले. त्यांची दोन्ही मुलं परदेशी. थोरला येईपर्यंत दोन दिवस यानंच सगळं बघितलं. तेव्हापासून म्हणतो, मला हेच काम करायचंय. अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातल्या फ्युनरल डायरेक्टरचं मोबाइलवर वाचून दाखवतो. तो माणूस म्हणे गावातल्या तीन पिढ्या पोचवतो, अग्निशमन दलात फुकट राबतो, सगळं गाव त्याला मान देतं. आमचा म्हणतो, मी तर पैसेच घेणार नाही. याचे वडील बोलेनासे झालेत. आजी रडते. यात काही भवितव्य आहे का? मुलगी कोण देईल? तुम्ही समजावून सांगा आणि बँकेच्या परीक्षेला बसवा."

ताई, नमस्कार.

समजावायचं काम तुम्ही माझ्याकडं दिलंत, पण पत्र दोनदा वाचल्यावर मी अर्धा त्याच्याच बाजूचा झालोय. अर्धाच. उरलेल्या अर्ध्यावरून त्याच्याशी माझं भांडण आहे.

आधी ती अमेरिका बाजूला काढू. तिथं फ्युनरल डायरेक्टर, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारा व्यावसायिक, व्हायला बहुतेक राज्यांत मॉर्च्युरी सायन्सचं, म्हणजे देह हाताळायच्या शास्त्राचं शिक्षण लागतं, कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी लागते आणि मग सरकारी परवाना. देहाला रसायनं भरून टिकवायची पद्धत तिथं रुजली १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात, लांब पडलेल्या सैनिकांची प्रेतं घरी पाठवायची होती म्हणून. त्यामुळं माणूस जाणं आणि त्याला माती देणं यांच्यात तिथं चार-सहा दिवस सहज जातात. तो सगळा व्यवसाय त्या मधल्या दिवसांवर उभा आहे. आणि गावातला मान म्हणाल, तर त्याचंही एक कारण गंमतशीर आहे. १९६०-७०च्या दशकापर्यंत तिथल्या लहान गावांत रुग्णवाहिकाही पुष्कळदा हेच लोक चालवायचे. आडवा माणूस मावेल अशी गाडी गावात त्यांच्याचकडं! आजारी माणसालाही तेच न्यायचे आणि गेलेल्यालाही.

आपल्याकडं सकाळी गेलेल्याला दुपारी पोचवतात. त्यात हे कोल्हापूर. इथं पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहन फुकट करते. होळी आली की मंडळं होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानाला देतात. पेठेत कुणी गेलं की तालमीतली पोरं न बोलावता येतात. एक जण कळक आणायला, एक जण मडकं आणि कापड आणायला, एक जण फोन लावायला. तुमचा मुलगा याच शाळेत शिकलाय, म्हणून त्याला वाटतं की हे काम म्हणजे हेच. पण ताई, जे काम सगळं गाव फुकट करतं, त्यात पोट कसं भरायचं? हा प्रश्न त्याच्या वडिलांनी न बोलता विचारलाय आणि तो रास्त आहे.

उत्तर त्या मास्तरांच्या घरात आहे. थोरला येईपर्यंतचे दोन दिवस. आपल्याकडंही आता मधला वेळ तयार झालाय. रुईकर कॉलनीत, नागाळा पार्कात किंवा नव्या अपार्टमेंटांत बघा. म्हातारा-म्हातारी वर, मुलं पुण्यात, बेंगळुरूला, जर्मनीत. शेजारी चांगले असतात, पण तिरडी बांधता येणारा एकही नसतो. लिफ्टमध्ये आडवा माणूस मावत नाही. जिन्याच्या वळणावर तिरडी फिरत नाही. जाणती माणसं देह चादरीत घेऊन खाली आणतात आणि पार्किंगमध्ये तिरडी बांधतात. हे माहीत नसलं की तिसऱ्या मजल्यावर तिरडी बांधली जाते, मग वळणावर ती उभी करायची पाळी येते आणि घरची बाईमाणसं ते बघत असतात. आमच्या इमारतीत मी हे बघितलंय. विसरत नाही.

तर या मधल्या वेळात काय काय लागतं? देह ठेवायला शीतपेटी, शववाहिका, गुरुजी, सामान, नातेवाइकांना निरोप, रक्षाविसर्जनाची वेळ. मग प्रत्येक घरची रीत वेगळी. लिंगायत घरात दहन नसतं, बसवून दफन असतं. सवाष्ण गेली की हिरवं लुगडं. कुणी डोळे द्यायचे ठरवलेले असतात, तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळायला हवं. त्या गडबडीत ते कुणाच्याच लक्षात येत नाही. कुणाचा देहदानाचा अर्ज कपाटात पडून असतो आणि तो दहाव्याला सापडतो. आणि पावसाळ्यात नदी. २०१९ आणि २०२१च्या महापुरात पंचगंगा स्मशानभूमी पाण्याखाली गेली आणि अंत्यविधी दुसरीकडं हलवावे लागले. हे काम करणाऱ्यानं जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघायची असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. 'आज कुठं न्यायचं' हे घरच्यांनी विचारायच्या आत त्याला माहीत पाहिजे.

पण खरं काम कागदाचं आहे, आणि इथं मी जरा लांबण लावणार, कारण हे मी भोगलंय.

माझे वडील रात्री दोनला दवाखान्यात वारले. कुठला ते जाऊ दे. फॉर्म भरणाऱ्यानं नाव विचारलं. धाकटा भाऊ भिंतीला टेकून उभा होता, तो म्हणाला, "दत्तात्रय." आधारकार्डावर दत्तात्रेय. बँकेत इंग्रजीत शेवटी एक 'ए' जास्त. मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग छापून आलं. या एका मात्रेपायी आईची कुटुंब पेन्शन सात महिने अडकली. प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज, "साहेब रजेवर आहेत", पुन्हा अर्ज. त्या रात्री कुणी एकानं शांतपणे म्हटलं असतं, "आधारकार्ड काढा, त्यावरचं बघून लिहू," तर काहीच झालं नसतं. तेवढ्या एका वाक्याचे मी त्या माणसाला हवे तेवढे पैसे दिले असते.

तुमच्या मुलाचं बी.कॉम. इथं कामाला येतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, नंतर विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये, घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना ४अ मध्ये. अपघात, गळफास, भाजणं, विष किंवा नुसता संशय असला तरी पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत देहाला हात लावायचा नाही, आंघोळ तर नाहीच. हे तालमीत कुणी शिकवत नाही. दाखला हातात आला की बँक, विमा, पेन्शन, सातबाऱ्यावर वारस नोंद, लाइट बिलावरचं नाव. बाराव्यानंतर पाहुणे जातात आणि घरात एकटी बाई या कागदांसमोर बसते. तिथं बसणारा माणूस गावात नाही. एजंट आहेत, पण एजंट साहेबाच्या टेबलापाशी उभा राहतो. याला त्या बाईच्या शेजारी बसायचंय.

आता भांडण. "पैसेच घेणार नाही" म्हणतो, हे मला बिलकूल मान्य नाही. फुकट करणारा पोरगा २१व्या वर्षी थोर वाटतो. पंचविसाव्या वर्षी त्याचं पेट्रोल बाप भरत असतो, आणि तिशीत तो एके दिवशी फोन उचलायचा बंद होतो. दोष त्याचा नसतो. फुकटाचा अजून एक तोटा आहे: घरच्यांना हक्कानं तक्रार करता येत नाही. गाडी दोन तास उशिरा आली तरी हात जोडून उभं राहावं लागतं.

मयताच्या घरात कुणी भाव करत नाही, म्हणून तिथं लुबाडणं सोपं असतं. अमेरिकेत हेच व्हायला लागलं, तेव्हा सरकारनं १९८४ मध्ये नियम काढला की प्रत्येक गोष्टीचा दर वेगवेगळा लिहून दाखवायचा आणि फोनवर विचारला तरी सांगायचा. त्या फ्युनरल डायरेक्टरकडनं याला काही उचलायचंच असेल तर हे उचलू दे. छापील दरपत्रक. शीतपेटीचे इतके, गाडीचे इतके, कागदपत्रांच्या कामाचे इतके. खांदा द्यायचे आणि तिरडी बांधायचे पैसे घेऊ नयेत. कोल्हापुरात ते कुणी घेत नाही, यानंही घेऊ नयेत. बेवारस आणि अगदी गरिबाच्या घरचं काम फुकट करावं, पण वर्षाच्या सुरुवातीला ठरवून, आलेल्या पैशातून.

शिकायचं कुठं? या नावाची सर्रास मिळणारी पदवी आपल्याकडं नाही, म्हणून तुकड्यातुकड्यानं शिकावं लागेल. बी.कॉम. पुरं करू दे, यात तडजोड नाही. हिपॅटायटीस-बीची लस आताच सुरू करा, तिचे तीन डोस व्हायला सहा महिने लागतात. मग वर्षभर एखाद्या शववाहिकेवर किंवा रुग्णवाहिकेवर पगारी काम. रात्री तीनला फोन आल्यावर, पावसात, नदीतून काढलेला देह बघितल्यावरही त्याला हेच करायचं असेल, तर पुढचं बोलू. मास्तरांचं मयत प्रेमाचं होतं, त्यावरून अंदाज बांधू नये.

आणि वर्षानंतर मन उडालं तरी रस्ता बंद होत नाही. आपल्याच गावात सायबर कॉलेजला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे. ते केलं की सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाच्या पदासाठी अर्ज करता येतो. इथल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात भांबावलेल्या नातेवाइकांना धरून बसणं हेच तिथंही काम असतं, फक्त पगार सरकारी. त्याच्या वडिलांना हे वाक्य जरा मोठ्यानं वाचून दाखवा. बँकेची परीक्षा द्यायला माझी ना नाही, पण तुमच्या पत्रातला मुलगा मला काउंटरच्या आत बसलेला दिसत नाही.

आजींच्या रडण्याबद्दल. त्या का रडतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. स्मशानातलं काम पिढ्यानपिढ्या ज्यांच्या गळ्यात जातीनं बांधलं, त्यांना कुणी "तुला हे करायचंय का?" असं विचारलं नाही. तुमच्या मुलाला निवड आहे. त्यानं एक करावं. स्मशानभूमीत जे कर्मचारी वर्षानुवर्षं चिता रचतात, त्यांच्याकडं जाऊन बसावं, त्यांना काका म्हणावं आणि विचारून शिकावं. ओल्या लाकडाची चिता कशी रचायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांच्यासोबत चहा प्यायला हा कचरत असेल, तर हे काम त्याचं नव्हे.

लग्नाचं मला सांगता येत नाही, ताई. अडचण येईल, खोटं कशाला बोलू? पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा, "अंत्यविधी सेवेचा व्यवसाय आहे" असं. 'ट्रान्सपोर्ट' वगैरे सांगू नका. गावात चार दिवसांत कळतंच.

बुधवारी संध्याकाळी सहानंतर त्याला माझ्याकडं पाठवा. मास्तरांच्या त्या दोन दिवसांत त्यानं काय काय केलं, कुणाला फोन केले, कुठं अडलं, खिशातले किती गेले, हे सगळं वहीत लिहून आणायला सांगा. जमलं तर वडिलांनाही घेऊन येऊ दे.