‘दशावतार’ मध्यंतरापर्यंत, ‘स्थळ’ शेवटपर्यंत

तुम्ही विचारलंय की ‘दशावतार’ला लोकांनी एवढं डोक्यावर का घेतलं, तुम्हाला तर मध्यंतरानंतर घड्याळ बघावंसं वाटलं. आणि २०२५ मधला एखादा तरी मराठी सिनेमा सुचवा, जो पाहून दोन तास वाया गेले असं वाटणार नाही. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी खोड सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचाल. मी सिनेमा निम्मा कानाने पाहतो. आई विदर्भातल्या वणीची, सासुरवाडी कोकणात कुडाळजवळची आणि माझं आयुष्य गेलं डोंबिवलीत. त्यामुळे घरात कायम तीन तऱ्हांची मराठी. आपल्या सिनेमावाल्यांनी मात्र वर्षानुवर्षं एक चौथीच मराठी चालवली: ‘हाय’, ‘न्हाय’, ‘व्हय’ पेरलेली, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात कुणी बोलत नाही अशी ‘ग्रामीण’ भाषा. तसं पात्र तोंड उघडतं आणि माझा सिनेमा तिथेच संपतो. पुढे कितीही सुंदर सूर्यास्त दाखवा.

‘दशावतार’पासून सुरुवात करू. १२ सप्टेंबर २०२५ ला तो लागला, त्याच दिवशी ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’सुद्धा. एकाच शुक्रवारी तीन मराठी सिनेमे सोडायची बुद्धी कुणाला होते देव जाणे. आम्ही पहिल्या रविवारी गेलो, मी, बायको आणि सासूबाई. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे. पडद्यावर त्यांचा बाबुली मेस्त्री, दृष्टी जात चाललेला दशावतारी नट, स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावतो. सासूबाईंनी तिथेच माझा हात दाबला. त्यांच्या माहेरी जत्रेला दशावतार, म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, व्हायचा, त्यामुळे हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं. आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती आणि संकासुर, मग आख्यान म्हणजे मुख्य पौराणिक कथा, आणि ते उजाडेपर्यंत. संवाद कुणी लिहून दिलेले नसतात. नटाला कथा ठाऊक असते, बाकी सगळं तोंडावर. शेजारच्या नटाने एखादं वाक्य टाकलं की ते उचलायचं आणि वर चढवून परत द्यायचं. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात, आणि अशी करतात की सासूबाई अजून एका द्रौपदीच्या आठवणी सांगतात. तो नट दिवसा शेतात राबायचा.

सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या भागात हे सगळं आहे. बाप-लेकाच्या खोलीतली भांडणं, म्हाताऱ्याचा हट्ट, मुलाची लाज नव्हे तर काळजी. मालवणीचं म्हणाल तर बायकोचा निकाल असा: शब्द थोडे शहरी, पण हेल बरोबर. हा निकाल तिच्याकडून येणं म्हणजे विशेष प्रावीण्य. ‘वस्त्रहरण’ नाटक गाजल्यापासून मालवणी म्हटलं की लोक हसायला तयार होऊन बसतात. इथे मालवणी माणूस रडतो, थकतो, गप्प बसतो, आणि थिएटरात कुणी खुसखुसत नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं ते यासाठी, असं मला वाटतं.

मध्यंतरानंतर तुमचं बरोबर आहे. खाणीचा प्रश्न येतो, खलनायक येतात आणि बाबुलीचा माणसातून कथेतला अवतार होतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी जास्त सांगत नाही. माझी तक्रार एवढीच की ज्या कलेचा जीव आयत्या वेळी सुचलेल्या वाक्यात आहे, तिच्यावरच्या सिनेमाचा उत्तरार्ध इतका आखीव का? पुढे काय होणार हे दहा मिनिटं आधी कळतं. पार्श्वसंगीत तर सांगतच राहतं, आता अंगावर काटा येऊ द्या. सासूबाईंना मात्र उत्तरार्धच जास्त आवडला. पाप्याला शिक्षा झाल्याशिवाय आख्यान पुरं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो सिनेमा. ‘स्थळ’. जयंत सोमलकर दिग्दर्शक, टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे लागला ७ मार्च २०२५ ला. मी पाहिला तेव्हा प्रेक्षागृहात आम्ही नऊ जण. चंद्रपूरकडच्या गावातली सविता, बापाची कापसाची शेती, तिला शिकून स्पर्धा परीक्षा द्यायचीय आणि घरच्यांना तिला उजवायचंय. गोष्ट एवढीच. बघण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. तेच पोहे, तोच चहा, नाव, उंची, शिक्षण, छंद काय, शेतीची कामं येतात का. पहिल्या वेळी हसू येतं. तिसऱ्या वेळी तुम्ही खुर्चीत चुळबूळ करता, कारण पुढचा प्रश्न तुम्हालाही पाठ झालेला असतो. नंतर नंतर तर मला त्या समोर बसलेल्या पुरुषांत माझे काका दिसायला लागले. खोटं कशाला बोलू, मीही दिसलो. १९९८ साली असा एका घरी जाऊन मी एका मुलीला उंची विचारली होती. माझ्या शेजारी उभी राहिली असती तर माझ्यापेक्षा उंच निघाली असती.

सिनेमाची सुरुवात नेमकी हेच उलटवून होते, मुली मुलगा बघायला बसतात. दुसऱ्या कुणी या सुरुवातीची टाळ्यांची जागा केली असती. सोमलकरांनी ती विनोदासारखी सुरू करून पोटात काटा ठेवून सोडून दिलीय.

आणि भाषा! नट जवळपास सगळे तिकडच्याच गावांतले, सविता झालेल्या नंदिनी चिकटेसकट. वैदर्भी माणूस आपल्याकडे दूरदर्शनच्या काळापासून विनोदालाच वापरला गेला. दोनदा ‘काऊन बे’ आणि ‘करून राहिला’ म्हटलं की झाली वऱ्हाडी. इथे तीच बोली बाप कर्जाबद्दल बोलताना वापरतो, आणि मी आईच्या माहेरच्या ओसरीवर बसून मामांचं बोलणं चोरून ऐकतोय असं वाटलं. आईला घरी मोठ्या पडद्यावर दाखवला. पंधरा मिनिटं झाल्यावर तिने विचारलं, ‘हे सिनेमातले लोक आहेत का खरे?’ याहून मोठं परीक्षण मी लिहू शकत नाही.

दोष काढायचाच तर प्राध्यापकाचं पात्र. वर्गात स्त्रियांच्या सबलीकरणावर शिकवणारा आणि स्वतःवर वेळ आली की मान खाली घालणारा. मुद्दा खरा आहे, फक्त मांडणी जरा सरळसोट.

‘सबर बोंडं’बद्दल तुम्ही लिहिलंय की ‘तो महोत्सववाला, संथ असेल’. आहे संथ. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जानेवारीत जागतिक सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार घेतला आणि ‘दशावतार’च्या पुढच्याच आठवड्यात, १९ सप्टेंबरला, तो इथे लागला. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला आनंद, त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या, आणि लग्न कधी करतोस म्हणून मागे लागलेले नातेवाईक. आनंदला मुलगे आवडतात हे आईला ठाऊक आहे, आणि तिने ते कसलाही गाजावाजा न करता पोटात घातलंय. सुतकाच्या घरातलं ते दबकं बोलणं, अर्धं वाक्य टाकून उठून जाणं, कुणीतरी चहा ठेवायला निघून जाणं, रोहन कानवडेंनी इतकं अचूक टिपलंय की मला माझ्या वडिलांचे दहा दिवस आठवले. सबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं हे बऱ्याच शहरी मंडळींना ठाऊक नाही. बारीक काटे घासून काढावे लागतात, नाहीतर जीभ दोन दिवस दुखते. आत लालभडक. बाळ्या आनंदसाठी ती फळं आणतो, आणि सिनेमातलं प्रेम मला तिथे दिसलं, मिठीत नाही.

बाकी पटापट. ‘आता थांबायचं नाय’ पाहा, पण रुमाल न्या. मुंबई महापालिकेचे चतुर्थश्रेणी कर्मचारी रात्रशाळेत बसून दहावी देतात, खऱ्या घटनेवरून आहे. कुठे रडवणार ते आधीच कळतं आणि तरी रडवतो. भरत जाधव यांनी इतकं आवरून काम केलंय की त्यांच्या जुन्या नाटकांची आठवणही येत नाही. त्याच १ मेला लागलेला ‘गुलकंद’ मला लांबलेल्या प्रहसनासारखा वाटला; सई ताम्हणकर आणि समीर चौघुले यांची जोडी मात्र गोड. ‘जारण’मध्ये अमृता सुभाष भीती वाटावी इतक्या चांगल्या आहेत, शेवट जास्त समजावून सांगितलाय.

थिएटरात की घरी, हा तुमचा शेवटचा प्रश्न. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी ‘प्राइम टाइम’ ठरवून दिला तो दुपारी १२ ते रात्री ९. म्हणजे मंगळवारी सव्वाबाराचा खेळ हाही प्राइम टाइम. ‘सबर बोंडं’ला मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो, तोही चौथ्या दिवशी, कारण पहिल्या तीन दिवशी आमच्या भागात खेळच नव्हता. तुम्ही पुण्यात असाल तर थोडं बरं. घरी पाहणार असाल तर एकच विनंती, ‘स्थळ’ फोनवर पाहू नका. आणि घरात कुणी लग्नाळू असेल तर त्या माणसाला शेजारी बसवा, शक्यतो मुलाकडच्याला.