बॅटऱ्या फोडायच्या जागेवर परसबाग करताय? आधी हे वाचा

दादा, कुदळ मारण्याआधी माती तपासून घ्या. बॅटरीतून मातीत उतरलेलं शिसं आणि सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते), दोन्ही. आपली काळी माती मुळात अल्कधर्मी, पण बॅटरीतलं आम्ल सांडून सामू उतरला असेल तर शिसं मोकळं होतं.

शिसं कुजत नाही. एरवी ते वरच्या अर्ध्या फुटात अडकून राहतं, म्हणून वरचा थर काढायला सांगतात. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची धूळ त्यांतून खोल उतरते. त्यामुळे थर काढल्यावर खालच्या मातीचा नमुना पुन्हा द्याच. हे बहुतेक जण विसरतात. माती ओली करून खणा, आणि काढलेली माती ओढ्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर कृपा करून टाकू नका. तिथंही कुणाची तरी पोरं खेळतात. विल्हेवाटीचं प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा.

सुपर फॉस्फेटनं शिसं बांधलं जातं, अंगात कमी भिनतं. मात्र मातीतलं प्रमाण तेवढंच राहतं. सूर्यफूल लावलं की ते मातीतलं शिसं ओढून घेईल, या भरवशावर तर अजिबात बसू नका.

अमेरिकेनं 2024 मध्ये घराच्या अंगणातल्या मातीतल्या शिशाची इशारा पातळी किलोला 400 वरून 200 मिलिग्रॅमवर आणली. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही.

सफाईनंतरही मेथी, कोथिंबीर, मुळा बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यातच लावा. वांगी-टोमॅटोत शिसं कमी चढतं. नात अंगणात रांगत असेल तर उघडी माती हरळीनं झाका आणि चपला दाराबाहेरच ठेवा.