पहिल्या पगाराचा कागद शेवटच्या पानापर्यंत वाच

प्रश्न : नमस्कार ताई. मी कसबा बावड्यात राहते. यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं. कॅम्पसमधून पुण्याच्या एका आयटी कंपनीची ऑफर आलीय, वर्षाला ३ लाख ६० हजारांची. दोन वर्षांचा बॉण्ड आहे. आधी सोडली तर दीड लाख भरायचे, आणि मूळ मार्कलिस्ट जमा करायच्या. दुसरीकडे शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी लॅबमध्ये ट्रेनी म्हणून १८ हजारांची नोकरी मिळतेय. घरी सगळे म्हणतात, महिना तीस हजार सोडून अठरा हजार कोण घेतं? पण मला ते लॅबचं काम मनापासून आवडलंय. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स सोबत पाठवतेय.

उत्तर : झेरॉक्स पाठवलीस ते फार बरं झालं. पंचवीस वर्षं मी कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात पगारपत्रकं केली. पगाराचा निर्णय आकडा ऐकून करायचा नसतो, कागद बघून करायचा असतो.

पुण्याच्या ऑफर लेटरचं शेवटचं पान काढ. तिथं बेसिक १५ हजार, घरभाडे भत्ता ६ हजार, स्पेशल अलाउन्स ३ हजार असं लिहिलंय. म्हणजे महिन्याचा ग्रॉस, कापाकापीच्या आधीचा पगार, २४ हजार झाला, वर्षाचे २ लाख ८८ हजार. तीस हजार नाही. मग वरचे ७२ हजार कुठं गेले? त्यातले ३६ हजार ‘व्हेरिएबल’ आहेत, म्हणजे कामगिरी आणि कंपनीची मर्जी बघून वर्षाअखेरी मिळाले तर मिळाले. २१,६०० हा कंपनीने भरायचा पीएफ. ८,६५८ ग्रॅच्युइटीचे, जे कायम नोकरीत साधारण पाच वर्षं टिकलीस तरच हातात येतात. उरलेले ५,७४२ विम्याच्या हप्त्याचे. हे सगळं तुझ्या नावावर मोजलंय आणि त्याची बेरीज ३ लाख ६० हजार होते. खोटं त्यात काहीच नाही, फक्त तो तुझा महिन्याचा पगार नव्हे.

२४ हजारांतून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला जाईल. त्यांनी व्यवसाय कराचे २०० रुपयेही धरलेत आणि हातात २२ हजार दाखवलेत. इथं त्यांची चूक झालीय. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या बाईला व्यवसाय कर नाही. बहुधा मुलांच्या तक्त्यावरून तुझा तक्ता उतरवलाय. मेल करून दुरुस्त करायला सांग. दोनशे रुपयांसाठी काय विचारायचं म्हणून गप्प बसू नकोस, पहिल्याच दिवशी कळू दे की ही पोरगी कागद वाचते. तर हातात २२,२००.

आता शिरोलीचा कागद. ग्रॉस १८ हजार, त्यात बेसिक १५. पीएफ १,८०० आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १३५ जातील. २१ हजारांच्या आत पगार असला की ईएसआय लागू होतो, पाऊण टक्का तुझा आणि सव्वातीन टक्के मालकाचे. त्यावर तुझ्यासोबत घरातल्या अवलंबून असणाऱ्या माणसांनाही उपचार मिळतात. हातात १६,०६५.

म्हणजे घरचे म्हणतात तसा बारा हजारांचा फरक नाही, ६,१३५ चा आहे. माझी भाची वाकडला तिघींच्या खोलीत एका कॉटचे साडेसात हजार देते, मेसचे साडेतीन वेगळे. तेवढे धरले तर पुण्यात तुझ्याकडे ११,२०० उरतात. त्यातून बस, मोबाईल आणि कोल्हापूरच्या फेऱ्या भागवायच्या. शिरोलीला तू शिये रस्त्याने गाडीवर जाशील, जेवायला घरी असशील. शिल्लक कुठं जास्त पडेल ते घरच्यांसमोर वहीत मांडून दाखव. तोंडी सांगितलंस तर वाद होईल.

३ लाख ६० हजार ऐकून कमीही वाटून घेऊ नकोस. मोठ्या आयटी कंपन्यांचा नवख्यांचा आकडा २०१०-१२ च्या सुमारासही सव्वातीन लाखांच्या आसपासच होता. एवढ्या वर्षांत भाडी कुठल्या कुठं गेली आणि तो आकडा जेमतेम हलला, याचा मला खरोखर राग येतो. तुमच्या लायकीशी त्याचा संबंध नाही. दारात रांग मोठी आहे, म्हणून तो हलत नाही.

बॉण्डबद्दल. ‘बॉण्डला काही अर्थ नसतो, फाडून टाक’ असं सांगणारे कट्ट्यावर पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. अर्थात तिथं भरतीचा खर्च आणि पदाचं स्वरूप बघितलं गेलं. करार कायद्याच्या कलम ७४ नुसारही वाजवी तेवढीच भरपाई मागता येते. म्हणून कंपनीला लेखी विचार : ट्रेनिंग किती आठवड्यांचं, आणि दीड लाख कशाचे? जॉइनिंगची तारीखही मागून घे. ऑफर हातात आणि पोरं महिनोन्‌महिने घरात बसलेली, असं गेल्या काही वर्षांत खूप झालंय.

मूळ मार्कलिस्ट मात्र कुणालाही देऊ नकोस. दाखवायच्या, समोर ताडून घेऊ द्यायच्या, आणि पिशवीत परत टाकायच्या. हे इतक्या जोरात सांगण्यामागे माझंच एक दुखणं आहे. १९८९ मध्ये बी.कॉम. झाल्यावर मी एका कारखान्यात हिशेबाला लागले. दर महिन्याच्या सात तारखेला रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही ८५० रुपयांची, आणि पाकिटात सहाशे. तिसऱ्या महिन्यात विचारलं, तर मालकांनी कपाटाकडे बोट केलं. माझी दहावी-बारावीची सर्टिफिकेटं त्याच कपाटात होती. सर्टिफिकेटं सोडवायला मला अकरा महिने लागले, आणि तोवर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली. वडिलांना मी हे कधीच सांगितलं नाही.

आता तू विचारलेलं खरं. पोरी, मी असते तर शिरोलीला गेले असते. फौंड्रीच्या लॅबमध्ये काय चालतं ते मी रोज बघितलंय. भट्टीतून पळीभर रस काढून नाण्यासारखा नमुना ओततात, तो घासून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर ठेवतात, ठिणगी पडते आणि कार्बन, सिलिकॉनचे आकडे येतात. तोवर सगळी भट्टी थांबलेली असते. आकडा बसला नाही तर लॅबवाला ‘ओतू नका’ म्हणतो, आणि तीस वर्षांचा अनुभवी भट्टीवालाही थांबतो. बावीस वर्षांच्या मुलीच्या शब्दाला तिथं जे वजन येतं, ते पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या बेंचवर कधी येईल सांगता येत नाही. मेकॅनिकलची चार वर्षंही वाया जाणार नाहीत.

पण त्यांच्या कागदात एक मोठं भोक आहे. ट्रेनी किती महिने, आणि कायम झाल्यावर किती, यावर एक ओळसुद्धा नाही. ‘बघू की नंतर’ हे उत्तर चालवून घेऊ नकोस, कारण वर्षाची ट्रेनिंग तीन वर्षं चाललेली मी माझ्या रजिस्टरात पाहिलीय. मुदत आणि नंतरचा आकडा लेटरहेडवर घे. रात्रपाळी आहे का, असल्यास गाडी कोण पाठवतं, आणि पंचगंगेला पाणी येऊन रस्ता बंद झाला तर हजेरी कशी धरतात, हेही विचार. एवढं लिहून देत नसतील तर माझं मत बदललं असं समज.

प्रश्न : ताई, मी गडहिंग्लजचा, बी.कॉम. मुंबईच्या एका कंपनीचा फोनवर इंटरव्ह्यू झाला, ऑफर लेटर व्हॉट्सअॅपवर आलं. पगार २८ हजार. लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून ६,५०० आज संध्याकाळपर्यंत भरायला सांगतायत, पहिल्या पगारात परत देणार म्हणे. भरू का?

उत्तर : नाही. ही फसवणूक आहे. नोकरी देणारा पैसे मागत नाही, आणि संध्याकाळपर्यंतची घाई तर मुळीच करत नाही. तू हे वाचेपर्यंत भरले असशील तर लाजू नकोस, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर आणि बँकेला कळव. आधार, पॅनचे फोटो पाठवले असशील तर तेही त्यांना सांग.

प्रश्न : माझा मुलगा बी.एस्सी. झालाय. इचलकरंजीतच १४ हजारांची नोकरी आलीय, पण ‘वीसच्या खाली जाणार नाही’ म्हणून सहा महिने घरात आहे. त्याला कसं समजवावं?

उत्तर : दादा, सहा महिने त्याला रोज कुणी ना कुणी समजवत असणार, आता तुम्ही थोडं थांबा. वीस हजार चुकीचे नाहीत, फक्त ते कोण देतं हे त्याला शोधू द्या. त्याच्या वर्गातल्या पाच मुलांना फोन करून हातात नेमकं किती येतं, पीएफ कापतात का, पीएफ खात्याचा यूएएन नंबर मिळाला का, एवढं विचारून एका कागदावर लिहायला सांगा. तो कागद आणि त्या १४ हजारांच्या नोकरीचं पत्र मला पाठवा. पत्रात पीएफचा उल्लेखच नसेल, तर मुलाचं नाही म्हणणं मला पटेल, आणि पुढच्या अंकात मी ते तुम्हाला लिहीन.