याचा मालक कोण?

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात, आणि दुपारनंतर तुझ्या डॉटनेटच्या बिलिंग प्रोग्रामच्या स्क्रीनवरची बटणं गायब. मग जीडीआय प्लसची, म्हणजे विंडोजच्या चित्रं-बटणं रंगवणाऱ्या भागाची, ती 'जेनेरिक एरर'. मेमरी ३०० एमबीच्या पुढे जात नाही, तर गळती कुठली, असं विचारतेस. उपाय म्हणून जागोजागी जीसी.कलेक्ट पेरलंयस, म्हणजे जीसीला (बेवारस मेमरी झाडणाऱ्या गार्बेज कलेक्टरला) बळंच कामाला लावलंयस. ते आधी काढ.

टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सला जाऊन 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' हा कॉलम लाव. रॅम कितीही असो, विंडोज एका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) साधारणपणे १०,०००च जीडीआय हँडल, म्हणजे चित्रं, फॉन्ट, ब्रश धरून ठेवायचे क्रमांक, देतं. आता एकच पावती उघड, बंद कर, आकडा लिही. पुन्हा तेच. पहिल्या दोन-चार खेपा धरू नकोस. त्यापुढेही आकडा दर खेपेला चढतच राहिला, तर गळती त्याच वाटेवर आहे. अख्खा प्रोग्राम उपसत बसू नकोस.

त्या वाटेवर प्रत्येक ओळीला एकच विचार: याचा मालक कोण? प्रिव्ह्यूसाठी तू गेटएचबिटमॅप वापरलंयस, ते चित्राचं नवं हँडल काढून देतं. त्या हँडलची मालक तू, जीसी नव्हे. डिलीटऑब्जेक्ट करून ते परत तूच द्यायचं. शोडायलॉगने उघडलेला फॉर्म (खिडकी) क्लोज केला तरी नुसता लपतो. मालक कोण? परत तूच. यूझिंगमध्ये घाल, काम संपलं की ते आपोआप सोडून देतं, आणि मोकळी हो. हे कॉलेजात शिकवत नाहीत का आता?

वजनकाट्याचं दुखणं जास्त खोल आहे. काटा जोडलेला सिरियल पोर्ट दिवसभर चालू. प्रत्येक नवा फॉर्म डेटारिसीव्हडला, म्हणजे वजन आल्याच्या हाकेला, स्वतःला जोडून घेतो, बंद होताना सोडवून घेत नाही. पोर्ट जिवंत तोवर ते सगळे फॉर्म जिवंत, आणि काट्यावर पोतं चढलं की सगळेच जागे होतात. दुपारी वजन अडकत अडकत दिसतं ते त्यामुळेच असणार. पूर्वी हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या हळदीच्या कोठारात, माल असायचा आणि पावती कुणाच्या तरी खिशात, तर तो माल बेवारस कसा म्हणायचा? जीसी बरोबरच वागतोय. फॉर्मक्लोज्डमध्ये, म्हणजे फॉर्म बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये, ते नातं तोड.

जेवणाच्या सुट्टीत प्रोग्राम रीस्टार्ट करायचा म्हणतेस? नाही. मिरजेच्या एका गिऱ्हाइकाने माझ्या याच हट्टापायी माझं काम काढून घेतलं. दुसऱ्या प्रोग्रामरने रोज रात्रीचा रीस्टार्ट लावून दिला आणि पैसे घेऊन गेला. घरी अजून त्यावरून बोलणी खातो. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण रीस्टार्ट एकदा लागला की तो कोड परत कुणी उघडत नाही, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की माझं मत बदलणार नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) हँडलचा कोटा वाढवून घे, असंही कुणीतरी सांगेल. ६५,५३६ पर्यंत जातो तो. मग बटणं दुपारऐवजी दोन-चार दिवसांनी गायब होतील, एवढंच.

तुझी मेहनत दिसते मला, म्हणून तर इतकं लिहितोय. उद्या सौदे सुरू व्हायच्या आधीचा आणि दुपारचा, दोन्ही आकडे पाठव. काट्याच्या फॉर्मचा कोडही.