गळती ८.२ टक्के आणि टिकाव ४७.२ टक्के, हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे?

आपला प्रश्न असा आहे की, यूडायस प्लस या देशभरातील शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या प्रणालीच्या २०२४-२५ च्या अहवालात माध्यमिक स्तरावरची गळती ८.२ टक्के दाखवली आहे, तर त्याच अहवालात माध्यमिकच्या शेवटापर्यंत टिकलेल्या मुलांचे प्रमाण केवळ ४७.२ टक्के आहे. मग यातला खोटा आकडा कोणता? जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून मी बरीच वर्षे ही माहिती भरत आलो. माझ्या मते दोन्हींपैकी एकही खोटा नाही, ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

गळतीचा दर एका वर्षाचा असतो. या वर्षी वर्गात असलेले मूल पुढच्या वर्षी वरच्या वर्गातही नाही आणि त्याच वर्गातही नाही, तर ते गळाले असे धरतात. अहवालातील ‘माध्यमिक’ म्हणजे नववी ते बारावी. नववीत आलेल्या १०० मुलांना दरवर्षी हाच ८.२ टक्क्यांचा दर लावून पाहा : दहावीत साधारण ९२, अकरावीत ८४ आणि बारावीत ७७ मुले पोहोचतात. टिकावाचा आकडा मात्र फार मागून, पहिलीत दाखल झालेल्या तुकडीपासून मोजायला सुरुवात करतो, त्यामुळे नववीच्या आधी सुटलेली मुलेही त्यात वजा होतात. शिवाय दहावीनंतर आयटीआयला किंवा तंत्रनिकेतनात गेलेला मुलगा शाळेच्या पटावर राहत नाही. पहिलीतल्या १०० पैकी उरलेल्या ५३ जणांनी शिक्षणच सोडले, असा अर्थ म्हणूनच काढू नये. हा अहवालाचा बचाव नाही. एवढी वजावट करूनही चित्र काळजीचेच आहे.

जुन्या वर्षांशी तुलना करताना आणखी एक सावधगिरी हवी. २०२१-२२ पर्यंत शाळा वर्गवार बेरीज कळवत असे. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची नावानिशी नोंद सुरू झाली आणि देशाचा पट एका वर्षात सुमारे २६.५ कोटींवरून २५.१७ कोटींवर आला. सव्वा कोटीहून अधिक मुले वर्षभरात शाळा सोडून गेली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. एकच नाव दोन शाळांत असणे हा प्रकार आमच्यापैकी कुणालाही नवा नव्हता, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर याचा हिशेब, आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी सर्व शाळांची पटपडताळणी करावी लागली, ती याच रोगामुळे.

आता नावानिशी नोंदीचे काम कसे चालते तेही सांगतो. वर्षाअखेरीस पोर्टलवर प्रत्येक मुलाची वर्गोन्नती नोंदवावी लागते. शाळेत न राहिलेल्या मुलाचे नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जाते आणि नव्या शाळेने त्याचा पेन क्रमांक (प्रत्येक मुलाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक) टाकून ते नाव उचलून घेईपर्यंत तिथेच पडून राहते. दाखला नेलेला मुलगा परजिल्ह्यात नियमित शाळेत जात असतो, पण तिथल्या गुरुजींनी नाव ओढून घेतलेले नसेल तर कागदावर तो गळालेलाच. उलट बाजूने, पटावर नाव आहे, पण मूल चार-चार महिने वर्गात नाही, अशांची मोजदाद ही पद्धत करीत नाही. बीड जिल्ह्यात मुकादमाची उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून आगाऊ पैसे, घेतलेले कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. धाकट्या भावंडाला कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) सांभाळायला दहा-बारा वर्षांची मुलगी बरोबर नेली जाते. तिचे नाव हजेरीपटावर असते, परीक्षेला तिला बसवलेही जाते. सातवी-आठवीत ती येईनाशी होते, तेव्हा आकड्यात दिसते. मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती चांगली आहे, परंतु मंजुरी यायला उशीर झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात.

मला विचाराल तर खरी भेग आठवी आणि नववी यांच्यामध्ये आहे. याच अहवालात आठवी संपवून नववीत जाणाऱ्यांचे देशातील प्रमाण ८६.६ टक्के आहे. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वयापुरते, मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, दुपारचा पोषण आहारही आठवीपर्यंत, आणि बहुतेक खेड्यांत गावातली शाळासुद्धा तिथेच किंवा त्याआधीच संपते. चारही आधार एकाच उन्हाळी सुट्टीत सुटतात आणि मूल नेमके मजुरी मिळू शकेल अशा वयात आलेले असते. नापास न करण्याच्या धोरणावर सगळे खापर फोडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. नापास झालेले मूल त्याच वर्गात पुन्हा बसेलच, याची हमी कुणीही देऊ शकत नाही. अंतराचा अडसर दूर केला की काय होते, हे बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली देऊन दाखवले. अभ्यासकांनी शेजारच्या झारखंडशी तुलना केली, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. आपल्याकडे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातील, मुलींना शाळेत नेणाऱ्या एसटीच्या गाड्या हेच काम करतात, मात्र गाडी शाळेच्या वेळेला येते की नाही यावर सारे अवलंबून असते.

आपल्या तालुक्याची स्थिती पाहायची असेल, तर गळतीच्या सरासरीवर थांबू नका. आठवीचा मागच्या वर्षीचा पट आणि परिसरातील सर्व माध्यमिक शाळांचा नववीचा या वर्षीचा पट शेजारी ठेवा, मुली आणि मुलगे वेगळे मोजा, आणि शक्य झाल्यास एखाद्या शाळेचा जानेवारीचा हजेरीपट मागून पाहा.