ॲप काढलं, पण खातं तिथंच!

प्रश्न : नमस्कार ताई, मी बार्शीहून लिहितेय. मागच्या वर्षी दवाखान्याच्या खर्चासाठी एका लोन ॲपवरून ८ हजार घेतले होते, वेळेत फेडले आणि लगेच ॲप अनइन्स्टॉल करून टाकलं. तरी अजून रोज "पुढचं लोन मंजूर झालंय" असे मेसेज येतात, आणि परवा तर माझ्या नणंदेलाही त्यांचा मेसेज आला, तिचा नंबर मी कुठंच दिला नव्हता. ॲप फोनमध्ये नाहीये मग माझी माहिती अजून त्यांच्याकडे कशी? आणि ती पुसायची कशी?

उत्तर : ताई, अनइन्स्टॉल केल्यावर जातं ते फक्त तुमच्या फोनमधलं ॲप. तुमचं नाव, पॅन, आधारचा फोटो, सेल्फी, आणि ॲप टाकताना "अलाऊ" दाबलं गेलं असेल तर सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट, हे कंपनीच्या सर्व्हरवर कधीच पोचलेलं असतं आणि तिथंच राहतं. दुकानात जाणं बंद केलं म्हणून दुकानदार उधारीच्या वहीतलं आपलं पान फाडत नाही, तसंच हे. नणंदेचा नंबर बहुतेक त्या लिस्टमधूनच गेला असणार आणि याची मला खरंच चीड येते, कर्ज तुम्ही घेतलं, त्यात तिचा काय संबंध? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलंय की लोन ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो, फाइल्स यांना हात लावायचा नाही, कॅमेरा-माइक-लोकेशन लागलंच तर केवायसीपुरतं (ओळख पटवण्यापुरतं) एकदा, तेही विचारून. प्ले स्टोअरनेही ३१ मे २०२३ पासून पर्सनल लोन ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायला बंदी केलीय. म्हणजे तुमच्या ॲपने मागच्या वर्षी कॉन्टॅक्ट उचलले असतील तर तो सरळसरळ नियमभंग आहे, तुमची काही चूक नाही.

आता करायचं काय. ॲप प्ले स्टोअरवरून घेतलेलं असेल आणि अजून तिथं दिसत असेल तर ते परत टाकू नका, त्याच्या पानावर खाली डेटा सेफ्टीचा भाग असतो तो उघडा, तिथं अकाउंट डिलीट करायची लिंक मिळायला हवी. गूगलने २०२३ मध्ये हा नियम आणला, ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं तिथं ते डिलीट करायची सोय ॲपमध्येही हवी आणि वेबवरही, म्हणजे ॲप काढून टाकलेल्या माणसाला त्यासाठी ते पुन्हा घ्यायला लागू नये. (आयफोनवर ॲपलने ३० जून २०२२ पासून ही सोय ॲपमध्येच द्यायला लावलीय.) पण कुणी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली आणि त्यावरून ॲप घेतलं होतं, असं असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका, सरळ ईमेलचा मार्ग धरा.

आणि डिलीटचं बटण दाबायच्या आधी थांबा, हे फार महत्त्वाचंय! खातं गेलं की लॉगिन होत नाही, मग कर्ज फेडल्याचा कागद मागायला दारोदार फिरावं लागतं. म्हणून आधी नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) आणि स्टेटमेंट कंपनीकडून मागवून किंवा डाउनलोड करून ठेवा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून त्या कंपनीचं मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) चालू आहे का बघा, असेल तर रद्द करा, हप्ता थेट बँकेतून कापला जात असेल तर बँकेत जाऊन बंद करून घ्या. ॲप काढल्याने मँडेट आपोआप बंद होत नाही.

ईमेल कुणाला करायचा तर ॲपवाल्याला आणि ज्या बँकेने किंवा एनबीएफसीने (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीने) खरे पैसे दिले तिच्या तक्रार अधिकाऱ्याला, नाव लोनच्या करारात सापडेल. साधंच लिहा : "कर्ज फेडलं आहे, माझी संमती मी मागे घेत आहे, माझे कॉन्टॅक्ट, फोटो आणि इतर माहिती पुसा आणि पुसल्याचं लेखी कळवा." संमती मागे घ्यायचा आणि ॲपकडून डेटा पुसून घ्यायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमातच आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाका, पैसे देणारी कंपनी नोंदणीकृतच नाही असं निघालं तर रिझर्व्ह बँकेच्याच सचेत पोर्टलवर. आणि कुणी धमकी दिली, फोटो एडिट करून पाठवतो म्हणालं, तर वाट न बघता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

सगळंच पुसलं जाणार नाही हेही सांगते. केवायसीची कागदपत्रं कायद्याने व्यवहार संपल्यावरही ५ वर्षं ठेवावी लागतात, आणि कर्जाची नोंद सिबिलमध्ये (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीकडे) राहते. ते "क्लोज्ड" दाखवतंय ना एवढं बघा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण माहिती पुसून घ्यायच्या हक्कासकट मुख्य कलमांना तिथून १८ महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे तोवर रिझर्व्ह बँकेचाच नियम पुढे करा.

प्रश्न : एमपीएससीच्या अभ्यासासाठी इन्स्टा डिलीट केलं होतं, आठवड्याने सहज लॉगिन केलं तर सगळं जसंच्या तसं! डिलीट झालंच नव्हतं का? (नांदेड)

उत्तर : डिलीटला टाकलेलं खातं ३० दिवस तसंच ठेवतात, तेवढ्यात लॉगिन करून डिलीट रद्द करता येतं. त्यानंतर सर्व्हरवरून पूर्ण जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. बऱ्याच जणांकडून डिलीटऐवजी डीॲक्टिव्हेट दाबलं जातं, त्यात खातं नुसतं लपतं, तेही तपासा. परीक्षेपुरतंच लांब राहायचं असेल तर डीॲक्टिव्हेटच बरं. कायमचं करायचं तर आधी फोटोंची कॉपी उतरवून घ्या. इन्स्टाबरोबर फेसबुकही काढणार असाल आणि फेसबुकवरून लॉगिन केलेलं एखादं टेस्ट सिरीजचं ॲप असेल तर फेसबुक उडवायच्या आधी त्यात ईमेल आणि पासवर्ड घालून ठेवा, नाहीतर भरलेल्या फीचं ॲपच उघडणार नाही.